लिनक्स कर्नल वेळ कशी राखतो आणि वीज कशी वाचवतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम्बेडेड बोर्डांवर, म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या छोट्या संगणकांवर, लिनक्स चढवणं हा माझा रोजचा उद्योग. घड्याळ, टायमर आणि बॅटरी या तीन गोष्टींवर सहकारी, विद्यार्थी आणि अनोळखी वाचकही पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांच्या मधला. उत्तरं मुख्यतः एक्स८६ (नेहमीच्या पीसीतले) प्रोसेसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एआरएमवर (मोबाइलमधल्या जातीच्या प्रोसेसरवर) नावं बदलतात, तत्त्व तेच राहतं. घाई असेल तर प्रश्न ४ तेवढा वाचा, बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

१. मदरबोर्डवर घड्याळ असतंच की. मग कर्नल वेगळी वेळ का राखतो?

मदरबोर्डवर छोट्या गोल बॅटरीवर चालतं ते आरटीसी, म्हणजे रिअल-टाइम क्लॉक. त्यात ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो, म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद हाती येतो. मनगटी घड्याळातही हाच क्रिस्टल असतो. मशीन बंद असताना तारीख-वेळ जपायला हे घड्याळ उत्तम, पण ते वाचायला वेळ लागतो आणि सेकंदाच्या आतलं त्याला सांगता येत नाही. म्हणून कर्नल मशीन सुरू होताना त्याला एकदाच वेळ विचारतो आणि पुढचा हिशेब नॅनोसेकंदांत स्वतः ठेवतो.

कर्नलला टाइमझोन ठाऊक नसतो. त्याच्याकडे असतात ते १ जानेवारी १९७० पासूनचे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) सेकंद. त्यात आपले साडेपाच तास मिळवायचं काम वरच्या लायब्ररीचं. या साडेपाच तासांचा घोळ कुठे होतो ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. टिक म्हणजे काय? आणि एचझेड १००, २५०, १००० यातलं काय निवडू?

टिक म्हणजे ठरावीक अंतराने प्रोसेसरला येणारा टायमर इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारा इशारा), कर्नलच्या नाडीचा ठोका. दर ठोक्याला कर्नल हातातलं काम बाजूला ठेवतो, ‘जिफीज’ नावाचा आकडा एकने वाढवतो, कुठल्या टायमरची वेळ भरली का पाहतो आणि चालू प्रोसेसचा (धावत्या प्रोग्रॅमचा) वाटा संपला का तपासतो. सेकंदाला किती ठोके, तो आकडा म्हणजे एचझेड.

एक्स८६ वर पूर्वी तो १०० होता. २.६ मालिकेत १००० केला. मग लॅपटॉपची बॅटरी जास्त खर्च होते यावरून वाद झाला आणि २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत २५० वर तडजोड झाली. आज टिकलेस, म्हणजे रिकामेपणी ठोके थांबवणाऱ्या कर्नलमुळे (प्रश्न ५) मशीन रिकामं असताना या आकड्याने फारसा फरक पडत नाही. सर्व्हरला २५० ठीक. डेस्कटॉप किंवा ऑडिओच्या कामाला १००० घ्या. टायमरचा नेमकेपणा वाढावा म्हणून एचझेड वाढवायची गरज राहिलेली नाही, त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये.

३. ठोके मोजून वेळ ठेवण्यात चूक काय होती? इतकी वर्षं चाललंच ना?

चाललं, पण कुरकुरत. लग्नातलं घटिकापात्र आठवा. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. मोजणाऱ्याचा डोळा लागला आणि एक बुडी हुकली, तर ती घटका हिशेबातून कायमची गेली. कर्नलचं तसंच व्हायचं. एखाद्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कोडने) जास्त वेळ इंटरप्ट बंद ठेवले की दोन ठोक्यांचा एकच व्हायचा आणि घड्याळ मागे पडायचं. ती तूट भरून काढायला प्रोसेसरचा काउंटर वाचणारा कोड घातला, तर प्रोसेसरचा वेग बदलला की तो कोडच चुकीची भरपाई द्यायचा आणि घड्याळ पुढे पळायचं.

शिवाय ठोका मुळातच नेमका नव्हता. जुन्या पीसीतला पीआयटी टायमर चालतो ११,९३,१८२ हर्ट्झवर. हा विचित्र आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या क्रिस्टलमधून आला. १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा तो क्रिस्टल बाजारात स्वस्त मिळायचा, त्याला १२ ने भागलं की हा आकडा येतो. सेकंदाला १००० ठोके हवेत तर ११९३ ने भागावं लागतं आणि मिळतात १०००.१५. दिसायला फरक किरकोळ, पण दुर्लक्ष केलं तर दिवसाला १३ सेकंदांची चूक होते. त्यामुळे ठोक्याची खरी लांबी कर्नलला वेगळी सांभाळावी लागे.

४. क्लॉकसोर्स आणि क्लॉक इव्हेंट यांत फरक काय? दोन्ही टायमरच ना?

‘किती वाजले?’ आणि ‘मला पहाटे पाचला उठव’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीला भिंतीवरचं घड्याळ लागतं, दुसरीला गजर. जुन्या कर्नलमध्ये एकच टिक ही दोन्ही कामं करायचा, आणि वर प्रश्न ३ मध्ये सांगितलेली बरीचशी दुखणी त्यातूनच आली. नव्या रचनेत कामं वाटली गेली.

क्लॉकसोर्स म्हणजे न थांबता पुढे जाणारा काउंटर. त्याने कुणाला हाक मारायची नाही, विचारलं की आकडा सांगायचा. प्रोसेसरमधला टीएससी, आणि त्याच्या बाहेरचे एचपीईटी व एसीपीआयचा (वीज-व्यवस्थेच्या मानकाचा) पीएम टायमर हे असे काउंटर. क्लॉक इव्हेंट म्हणजे ‘इतक्या वेळाने एक इंटरप्ट दे’ असं सांगता येणारं हार्डवेअर, उदाहरणार्थ प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) लोकल एपिक टायमर.

काउंटरच्या आकड्याचे नॅनोसेकंद कसे होतात ते पाहा. ३ गिगाहर्ट्झच्या टीएससीचा एक अंक म्हणजे नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा. कर्नलमध्ये अपूर्णांकाचं गणित वापरत नाहीत, आणि भागाकार महाग पडतो. म्हणून आकड्याला ५५,९२,४०५ ने गुणायचं आणि २४ बिट उजवीकडे सरकवायचं. २ चा २४ वा घात भागिले ३ केला की हाच गुणक येतो. एक गुणाकार, एक सरकवणी, झालं काम. हा गुणक लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये तो पुन्हा येतो.

कर्नलचे एक विकासक थॉमस ग्लाइक्सनर यांचे एचआरटायमर (नेमके वाजणारे टायमर, प्रश्न ९) मार्च २००६ मध्ये २.६.१६ आवृत्तीत आले. जॉन स्टल्ट्झ यांची क्लॉकसोर्सवर उभी असलेली वेळेची नवी मांडणी त्याच वर्षी २.६.१८ मध्ये आली. क्लॉक इव्हेंट आणि टिकलेस २००७ च्या एप्रिलमध्ये २.६.२१ सोबत आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नेमकी वेळ हवी तर वीज जाणार, असा समज अजून सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वेळ ठोक्यांवर अवलंबून राहिली नाही म्हणूनच ठोके थांबवणं शक्य झालं. घड्याळ भरवशाचं झालं, आणि वीजबचत त्याच्या मागोमाग आली.

५. टिकलेस कर्नलमध्ये ठोके कधीच नसतात का?

असतात. प्रोसेसरला काम असेल तेव्हा ठोके नेहमीसारखेच पडतात. काम संपून कोअर रिकामा झाला की कर्नल पुढचा टायमर कधीचा आहे ते पाहतो. तो ३०० मिलिसेकंदांनी असेल, तर मधले सगळे ठोके रद्द करून क्लॉक इव्हेंटला सरळ ३०० मिलिसेकंदांचा गजर लावतो.

फायदा कुठे होतो? प्रोसेसरच्या झोपेला पायऱ्या आहेत, त्यांना सी-स्टेट म्हणतात. वरच्या पायरीवरून उठायला एखाद-दोन मायक्रोसेकंद लागतात, पण वीजही थोडीच वाचते. तळाच्या पायरीवर कॅश मेमरीसुद्धा रिकामी करून वीज तोडली जाते. तिथून परत यायला शंभराच्या वर मायक्रोसेकंद जाऊ शकतात आणि येण्या-जाण्यातच वीज खर्च होते. त्यामुळे गाढ झोप ठरावीक वेळ टिकली तरच परवडते. दर मिलिसेकंदाला दार वाजत असेल, तर त्या पायरीवर उतरण्यात अर्थ नाही.

यात एक सुधारणा नंतर झाली. झोप क्षणभराचीच असेल तर ठोका रद्द करून पुन्हा लावण्याचा खटाटोपच महाग पडतो. म्हणून २०१८ च्या ४.१७ आवृत्तीपासून कर्नल आधी झोपेची पायरी निवडतो आणि मग ठोका थांबवायचा की नाही ते ठरवतो.

६. सगळे कोअर झोपले तर जिफीज कोण वाढवतं? वेळ चुकणार नाही का?

नाही. हे काम एका वेळी एकाच कोअरकडे असतं. तो झोपायला निघाला की जबाबदारी सोडून देतो आणि जागा असलेला दुसरा ती उचलतो. सगळेच झोपले तर ती कुणाकडेच नसते. पहिला जो उठेल तो क्लॉकसोर्स वाचतो, किती वेळ गेला ते एका वजाबाकीत काढतो आणि जिफीज तेवढा पुढे नेतो. काउंटर चालूच होता, त्यामुळे एकही नॅनोसेकंद हरवत नाही.

एक अट मात्र पाळावी लागते. काउंटर भरून शून्यावर यायच्या आत कुणीतरी उठायलाच हवं. एसीपीआय पीएम टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि बऱ्याच मशीनवर तो २४ बिटांचाच असतो, म्हणजे ४.६९ सेकंदांत तो एक फेरी पूर्ण करतो. त्या वेळात कुणी पाहिलंच नाही, तर एक फेरी झाली की दोन हे सांगायला काही मार्ग उरत नाही. कर्नल प्रत्येक क्लॉकसोर्ससाठी ही मर्यादा काढून ठेवतो आणि झोप त्यापेक्षा लांबू देत नाही.

७. गाढ झोपेत प्रोसेसरचा टायमरच बंद पडतो असं वाचलं. मग तो उठतो कसा?

बरोबर वाचलंत. जुन्या प्रोसेसरांत सी३ आणि त्याखाली लोकल एपिक टायमर थांबतो. अशा वेळी झोपणारा कोअर आपली उठायची वेळ सांगून ठेवतो. कर्नल सगळ्यांतली सर्वांत जवळची वेळ एचपीईटी किंवा पीआयटीवर लावतो, कारण ते प्रोसेसरच्या बाहेर असतात. गजर झाला की ज्याची वेळ भरली त्या कोअरला हलवून जागं केलं जातं. याला टिक ब्रॉडकास्ट म्हणतात.

नव्या प्रोसेसरांत टायमर झोपेतही चालू राहतो. सीपीयूइन्फो फाइलीतल्या फ्लॅगमध्ये ‘एआरएटी’ दिसलं तर तुमचा त्यातलाच. जुना लॅपटॉप मध्येच गोठत असेल आणि कळ दाबली की तेवढ्यापुरता पुढे सरकत असेल, तर आधी इथे संशय घ्या. कळेच्या इंटरप्टने तो जागा होतोय, त्याचा स्वतःचा गजर वाजतच नाहीये.

८. लॉगमध्ये ‘टीएससी अनस्टेबल’ असं आलं आणि डेटाबेस मंदावला. दोन्हींचा संबंध आहे का?

आहे, अगदी थेट. टीएससी वाचणं म्हणजे प्रोसेसरची एक सूचना, काही डझन नॅनोसेकंदांचं काम. ते युजर प्रोग्रॅमलाही करता येतं, म्हणून व्हीडीएसओ या सोयीमुळे वेळ विचारायला कर्नलमध्ये शिरावंच लागत नाही. टीएससी बाद झाला की कर्नल एचपीईटी किंवा पीएम टायमरवर येतो. तिथे प्रत्येक वेळी सिस्टिम कॉल करून कर्नलमध्ये शिरावं लागतं आणि वर चिपबाहेरच्या रजिस्टरची वाट पाहावी लागते. डेटाबेस सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारतो, त्यामुळे घाव तिथे आधी दिसतो.

बाद का होतो? सुरुवातीचे टीएससी प्रोसेसरच्या वेगाबरोबर बदलायचे. मग वेग स्थिर झाला, पण गाढ झोपेत ते थांबायचे. आताचे दोन्ही बाबतींत पक्के आहेत. तरीही काही बायॉस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) कर्नलच्या पाठीमागे टीएससीत ढवळाढवळ करतात, म्हणून कर्नलने पहारेकरी नेमला आहे. दर अर्ध्या सेकंदाला तो टीएससी दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि फरक फार दिसला की टीएससी नापास करतो.

कधी कुंपणच शेत खातं. इंटेलच्या कॉफी लेक मशीनवर सगळी चिप सर्वांत गाढ झोपेत गेली की एचपीईटीच चुकायचा. पहारेकरी त्याच्यावर विश्वास ठेवून निर्दोष टीएससीला अस्थिर ठरवायचा. शेवटी २०१९ मध्ये त्या मशीनवर एचपीईटीच बंद करण्यात आला.

काय करावं? आधी बायॉस आणि कर्नल अद्ययावत करा. ‘करंट क्लॉकसोर्स’ या फाइलीत काय लिहिलंय ते पाहा. बूटच्या ओळीत ‘टीएससी=रिलायबल’ घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल. तो घालून तुम्ही पहारेकऱ्याला रजा देता. कारण शोधल्याशिवाय ते करू नका. दोन कोअरांच्या वेळेत खरोखर फरक असेल तर नोंदींचा क्रम उलटासुलटा होईल आणि कुणी इशाराही देणार नाही.

९. कर्नलमध्ये टायमर व्हील आणि एचआरटायमर अशा दोन व्यवस्था का?

कारण टायमर दोन जातींचे असतात. नेटवर्क किंवा डिस्कचा टाइमआउट हा ‘काही बिघडलंच तर’ म्हणून लावलेला असतो. बहुतेक वेळा उत्तर वेळेत येतं आणि तो रद्द होतो. असे टायमर लावणं-काढणं स्वस्त हवं, नेमकेपणा गौण. ते टायमर व्हीलकडे जातात. ऑडिओचा टायमर किंवा झोपलेल्या प्रोग्रॅमला उठवणारा टायमर मात्र वाजणारच असतो आणि तो वेळेवर वाजायला हवा. हे दुसऱ्या जातीचे टायमर एचआरटायमरकडे जातात. ते रेड-ब्लॅक ट्री या मांडणीत वेळेनुसार लावलेले असतात, आणि कर्नल सर्वांत जवळचा टायमर नॅनोसेकंदांच्या हिशेबात हार्डवेअरवर लावतो. त्यांचा एचझेडशी संबंध नाही.

व्हील २०१६ च्या ४.८ आवृत्तीत नव्याने घडवलं गेलं. एचझेड १००० असेल तर ६३ मिलिसेकंदांपर्यंतचे टायमर १ मिलिसेकंदाच्या खणांत बसतात, अर्ध्या सेकंदापर्यंतचे ८ च्या, पुढचे ६४ च्या. प्रत्येक पातळीवर खण आठपट मोठा होतो. एक मिनिटाचा टाइमआउट अशा खणात पडतो की तो चार सेकंदांपर्यंत उशिरा वाजू शकतो. लवकर कधीच वाजत नाही. चार सेकंद ऐकून विद्यार्थी दचकतात, पण मेलेल्या कनेक्शनची वाट ६० सेकंद पाहिली काय नि ६४ पाहिली काय. मोठ्या खणात जवळजवळचे टायमर आपोआप एकत्र येतात, म्हणजे उठणंही कमी होतं.

१०. मी १ मिलिसेकंद झोपायला सांगितलं, पण १.०५ च्या वर जातं. दोष आहे का?

दोष नाही, ही मुद्दाम दिलेली सूट आहे. २.६.२८ पासून प्रत्येक साध्या प्रोसेसला ५० मायक्रोसेकंदांची ‘टायमर स्लॅक’ मिळते. त्या पट्ट्यात दुसरा टायमर असेल तर दोघांना एकाच वेळी उठवता येतं. दोनदा उठण्यापेक्षा एकदा उठणं स्वस्त, एवढाच हिशेब. रिअल-टाइम (वेळ चुकवून चालत नाही अशा) वर्गातल्या प्रोसेसना ही सूट लागू होत नाही, आणि बाकीच्यांना ती ‘पीआरसीटीएल’ या सिस्टिम कॉलने बदलता येते. वाढवायचा विचारही करा. दर पाच सेकंदांनी तापमान वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अर्धा सेकंद इकडेतिकडे झाल्याने काय बिघडणार आहे? ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी ‘यूस्लीप रेंज’ हेच करतं. त्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे द्यायचे असतात. दोन्ही सारखेच देणारा कोड मी तपासायला आला की परत पाठवतो.

११. प्रोग्रॅममध्ये कुठलं घड्याळ वापरू : रिअलटाइम, मोनोटॉनिक की बूटटाइम?

माणसाला दाखवायची किंवा नोंदीत लिहायची वेळ रिअलटाइममधून घ्या. दोन क्षणांमधलं अंतर मोजायचं असेल तर मोनोटॉनिक (कधी मागे न जाणारं), कारण रिअलटाइम कुणीही मागे-पुढे करू शकतं. बिल फाडणाऱ्या यंत्रणेत ‘उणे तीन सेकंद’ असे कालावधी दिसले, तर कुणीतरी रिअलटाइमची वजाबाकी केली आहे हे नक्की.

मोनोटॉनिक मशीन सस्पेंड असताना थांबतं. तो काळही धरायचा असेल तर बूटटाइम, जे २०११ च्या २.६.३९ मध्ये आलं. २०१८ मध्ये ४.१७ च्या तयारीत मोनोटॉनिकलाच बूटटाइमसारखं वागवायचा प्रयत्न झाला होता. सस्पेंडमधून उठल्यावर वॉचडॉगना (सेवा चालू आहे का पाहणाऱ्या प्रोग्रॅमना) वाटू लागलं की सेवा तासभर गप्प आहे, आणि आवृत्ती बाहेर पडण्याआधीच तो बदल मागे घेतला गेला.

झोपलेल्या मशीनलाच उठवायचं असेल, तर अलार्म जातीची घड्याळं आहेत. ती आरटीसीवर गजर लावतात.

१२. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी पद्धत) वेळ दुरुस्त करतं तेव्हा घड्याळ उडी मारतं का?

सहसा नाही. प्रश्न ४ मधला गुणक आठवा. घड्याळ मागे असेल तर कर्नल तो गुणक किंचित वाढवतो, पुढे असेल तर कमी करतो. वेळ सलगच राहते, तिचा वेग तेवढा बदलतो. साध्या क्रिस्टलची चूक २० पीपीएम (दहा लाखांत २०) असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, म्हणून ही दुरुस्ती अखंड चालू ठेवावी लागते. चूक फार मोठी असेल, उदाहरणार्थ बोर्ड १९७० सालात जागा झाला असेल, तर मात्र सरळ उडी मारावी लागते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ५ च्या आधीच्या बोर्डांवर आरटीसीच नाही, तिथे हे नेहमीचं. वेळ चुकलेली असली की टीएलएस (सुरक्षित जोडणीची) प्रमाणपत्रंही नापास होतात आणि लोक नेटवर्कला दोष देत बसतात.

भारतातल्या सर्व्हरसाठी एक कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, डेटा सेंटर आणि कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी लावायची आहेत. भारतीय प्रमाण वेळ हीच प्रयोगशाळा राखते.

१३. लीप सेकंदाने सर्व्हर बंद पडले होते म्हणे. नक्की काय झालं?

आपल्याकडे १ जुलै २०१२ ची रविवार पहाट होती, साडेपाचच्या ठोक्याला, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला, यूटीसीत एक जादा सेकंद, म्हणजेच लीप सेकंद, वाढवला गेला. त्या क्षणी जगभरात अनेक लिनक्स सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसले, जावा आणि मायएसक्यूएलवाले जास्त.

कर्नलने घड्याळ एक सेकंद मागे घेतलं खरं, पण एचआरटायमरकडे वेळेतल्या फरकाची स्वतःची प्रत होती आणि तिला कुणी कळवलंच नाही. त्यामुळे तिथली वेळ एक सेकंद पुढे राहिली. ‘आतापासून अर्ध्या सेकंदाने उठव’ म्हणणाऱ्याची वेळ तिच्या हिशेबाने आधीच भरलेली, म्हणून तो लगेच उठायचा, पाहायचा, पुन्हा झोपायचा, पुन्हा लगेच उठायचा. थांबण्यासाठी लिहिलेला कोड अखंड पळू लागला आणि विजेचं मीटरही. उपाय एका ओळीचा होता : डेट कमांडने आहे तीच तारीख पुन्हा लावायची. घड्याळ हाताने लावलं की कर्नल सगळ्यांना कळवतो, तेवढ्याने प्रती जुळायच्या.

३१ डिसेंबर २०१६ नंतर लीप सेकंद आलेला नाही. सध्याची पद्धत उशिरात उशिरा २०३५ पर्यंत बंद करायचा निर्णय वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये घेतला. तोवर एवढं सांभाळा : काही एनटीपी सर्व्हर तो सेकंद चोवीस तासांवर पसरून देतात, काही देत नाहीत. दोन्ही प्रकार एकाच मशीनवर मिसळू नका.

१४. विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. घड्याळ सतत साडेपाच तास चुकतं. का?

विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ आहे असं मानतं, लिनक्स तीच यूटीसी मानतो. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे, उलट गेलात की पुढे. हाताने सुधारून टिकत नाही, कारण एनटीपीशी जुळलेला लिनक्स कर्नल दर ११ मिनिटांनी आपली वेळ आरटीसीत लिहितो. विंडोजला रजिस्ट्रीतून आरटीसी यूटीसी मानायला लावा. उलटं, म्हणजे लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावणंही शक्य आहे, पण मी ते सुचवत नाही.

१५. मशीन रिकामं असूनही बॅटरी उतरते. कोण उठवतंय ते कसं शोधू?

पॉवरटॉप हा प्रोग्रॅम चालवा. इंटेलने २००७ मध्ये टिकलेस कर्नलच्या सोबतीनेच ते आणलं, कारण ठोके थांबल्यावर प्रथमच लख्ख दिसलं की आता प्रोग्रॅमच मशीनला झोपू देत नाहीत. चार्जर काढा, काही मिनिटं थांबा आणि सेकंदाला किती वेळा कोण उठवतंय ती यादी पाहा. प्रॉक फोल्डरखालची ‘टायमर लिस्ट’ फाइलही कामाची आहे. जुन्या लेखांत ‘टायमर स्टॅट्स’ सुचवलेली असते, ती ४.११ मध्ये सुरक्षेच्या कारणाने काढून टाकली आहे, शोधत बसू नका.

माझ्याकडचं एक उदाहरण. शेतातल्या मातीचा ओलावा नोंदवणारा बोर्ड होता, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. काही महिने टिकायला हवी ती बॅटरी तीन आठवड्यांत संपली. मी सेन्सरला आणि बॅटरीला दोष देत राहिलो. पॉवरटॉप लावल्यावर दिसलं, मीच लिहिलेला ड्रायव्हर सेन्सरची पिन दर १० मिलिसेकंदांनी तपासत होता. दिवसाला ८६ लाख वेळा उठून एकच उत्तर : अजून काही नाही. पिनवर इंटरप्ट लावला, दहा-बारा ओळी बदलल्या आणि बोर्ड झोपायला लागला.

कर्नलच्या आत थांबता येण्यासारखं काम असेल तर ‘डिफरेबल’ टायमर वापरा. तो रिकाम्या कोअरला उठवत नाही, तो दुसऱ्या कारणाने उठला की आपलं काम उरकून घेतो.

१६. ‘नोएचझेड फुल’ लावला तर आणखी वीज वाचेल ना?

उलट जास्त जाईल. नावामुळे हा गैरसमज होतो. २०१३ च्या ३.१० मध्ये आलेली ही सोय कामात असलेल्या कोअरचे ठोके थांबवते, तेही त्याच्यावर एकच प्रोसेस धावत असेल तर. गणनेला किंवा दूरसंचाराच्या पॅकेटांना मध्येच धक्का लागू नये हा तिचा हेतू. बदल्यात कर्नलमध्ये शिरता-निघताना जादा हिशेब ठेवावा लागतो, आणि बाकीच्यांची वेळ सांभाळणाऱ्या एका कोअरचे ठोके तो रिकामा असला तरी चालू ठेवावे लागतात. लॅपटॉपवर लावू नका.

१७. एका कोअरचा टायमर दुसऱ्यावर जातो का?

जातो, आणि जायलाच हवा, नाहीतर प्रत्येक कोअर आपापल्या फुटकळ टायमरसाठी उठत राहील. पूर्वी टायमर लावतानाच ‘हा वाजेल तेव्हा कोण जागं असेल’ याचा अंदाज करून तो तिकडे ढकलला जाई. बहुतेक टायमर रद्दच होतात (प्रश्न ९), म्हणजे ती मेहनत वाया. मे २०२४ च्या ६.९ आवृत्तीत आना-मारिया बेन्सन यांनी आणलेली रचना उलटी आहे. टायमर लावला तिथेच राहतो. कोअर झोपला तर त्याच्या गटातला जागा कोअर त्याचे टायमर ओढून घेतो, सगळा गट झोपला तर वरच्या गटातला. ठरावीक कोअरवरच चालवायचे टायमर यात येत नाहीत.

१८. व्हर्च्युअल मशीनमध्ये वेळ का भरकटते?

पाहुण्या (व्हर्च्युअल) मशीनला प्रोसेसर सलग मिळत नाही. यजमानाने (ज्याच्यावर ते चालतं त्या खऱ्या मशीनने) त्याला बाजूला ठेवलं की त्याचे ठोके हुकतात, म्हणजे प्रश्न ३ मधलंच दुखणं पुन्हा. म्हणून केव्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या लिनक्समधल्या सोयीत) ‘केव्हीएम-क्लॉक’ असतो. यजमान स्वतःच सांगतो की अमुक टीएससीला अमुक वेळ होती आणि वेग इतका आहे. रिकाम्या पाहुण्यांचे ठोके थांबवणं हेही इथे फार मोलाचं. शंभर रिकामी मशीनं सेकंदाला हजार ठोके मागत असतील, तर यजमान लाख वेळा उठणार. आयबीएमच्या एस/३९० मेनफ्रेमवर याच कारणाने रिकामे ठोके थांबवायची सोय पीसीच्याही आधी आली होती.

१९. २०३८ चा प्रश्न सुटला का?

६४ बिटांवर तो नव्हताच. ३२ बिटांवर १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. २०२० च्या ५.६ पासून ३२ बिट कर्नलही ६४ बिटांची वेळ पूर्णपणे देऊ शकतो. पण तुमचा प्रोग्रॅम आणि लायब्ररी नव्या पद्धतीने बांधलेली हवी. आज बसवलेला वीजमीटर किंवा लिफ्टचा नियंत्रक २०३८ मध्ये सहज चालू असेल, म्हणून ३२ बिट उत्पादन पाठवण्याआधी तारीख पुढे नेऊन चाचणी कराच.

२०. मशीन खूप दिवस बंद न केल्याने वेळेचा कोड बिघडू शकतो का?

बिघडलेला आहे. २.६.३२ च्या काळातल्या काही कर्नलांत शेड्युलरच्या (प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या कोडच्या) घड्याळातला प्रश्न ४ मधल्यासारखाच गुणाकार ६४ बिटांत मावेनासा व्हायचा, आणि तो क्षण २०८.५ दिवसांनी यायचा. २ च्या ५४ व्या घाताइतके नॅनोसेकंद म्हणजे बरोबर तेवढे दिवस. सहा-सात महिने उत्तम चाललेले सर्व्हर त्यामुळे अचानक कोसळले.

तसाच ३२ बिटांचा जिफीज एचझेड १००० असेल तर ४९.७ दिवसांत शून्यावर येतो. दोन जिफीज सरळ ‘मोठा-लहान’ चिन्हाने ताडणारा ड्रायव्हर त्या दिवशी फसतो. त्यासाठी ‘टाइम आफ्टर’ हा मॅक्रो आहे, तोच वापरा. ही चूक पन्नासाव्या दिवसापर्यंत लपून राहू नये म्हणून कर्नल जिफीजची सुरुवात शून्यापासून करतच नाही, उणे ३०० सेकंदांपासून करतो. त्यामुळे प्रत्येक मशीनवर, सुरू होऊन पाच मिनिटं झाली की जिफीजचे खालचे ३२ बिट उलटतात, आणि चुकीचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावरच सापडतो.